गारुडी दिसेनासे झाले, मग नाग वाचले का?

तुम्ही विचारलंय की लहानपणी श्रावणात दारोदार फिरणारे गारुडी आता दिसत नाहीत ते कायद्यामुळे का, त्यामुळे साप खरंच वाचले का, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं. शिवाय यंदा नागपंचमीला तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक जण टोपली घेऊन आला होता, तेव्हा काय करायला हवं होतं, हेही. मी बरीच वर्षं साप पकडण्या-सोडण्याच्या कामात आहे. वनखात्याच्या कारवायांमध्ये पंच म्हणून सह्या केल्यात आणि गारुड्यांच्या पालांवरही बसलोय. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि दोन्ही बाजूंना थोडं टोचेल.

आधी नेमकं सांगतो. नागाचा खेळ बंद करणं बरोबरच होतं. पण तो खेळ करणाऱ्या माणसाने पुढे काय करायचं, याचा विचार महाराष्ट्रात धडपणे कोणी केला नाही. आणि त्याची रिकामी झालेली जागा ज्यांनी भरलीय त्यांच्यातले बरेच जण सापांच्या दृष्टीने गारुड्यापेक्षा फारसे बरे नाहीत. हे वाक्य माझ्याच क्षेत्रातल्या लोकांना आवडणार नाही. त्यावर येतोच.

टोपलीत काय चालायचं ते आधी बघू, कारण गारुड्याबद्दल हळवं होऊन बोलणारे हा भाग हमखास गाळतात. बांधावरून, वारुळातून किंवा उंदराच्या बिळातून नाग धरला की पहिलं काम दातांचं. नागाचे विषदंत वरच्या जबड्यात अगदी पुढे असतात. ते आखूड असतात आणि घोणशीच्या दातांसारखे आत मुडपत नाहीत. नागाला फडकं चावायला द्यायचं आणि ते झटक्यात ओढायचं, की दात तुटून येतात. काही जण चिमट्याने खुडतात. पण मागे राखीव दात तयारच असतात. नखं वाढावीत तसे ते काही आठवड्यांत पुढे येतात. म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि ज्याने टाळाटाळ केली त्याला कधीतरी नाग धरतो. पालावर गप्पा निघाल्या की असा गेलेला चुलता नाहीतर भाऊ कुणाच्या ना कुणाच्या बोलण्यात येतोच.

काही जण याच्या पुढे जातात. डोळ्यामागची विषग्रंथीच कापतात किंवा तापवलेल्या सळईने जाळतात. काही जण दोऱ्याने तोंड शिवतात, जीभ बाहेर येईल एवढी फट ठेवून, म्हणजे बघणाऱ्याला शंका येत नाही. विष म्हणजे सापाची बदललेली लाळच. भक्ष्य मारायला ती लागते आणि पचवायलाही मदत करते. ग्रंथी गेली, जबडा सुजला, तोंडात पू झाला, की नाग खाणं सोडतो. साप उपाशीपोटी खूप काळ तग धरतो, त्यामुळे तो लवकर सुटतही नाही. जप्त केलेल्या टोपल्यांतले नाग बघितलेत कधी? कण्याची रेघ वर आलेली, कातडी सैल पडलेली, डोळ्यांवर जुनी कात तशीच चिकटलेली.

दुधाचं तसंच. साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याच्या अन्नात बसतच नाही. नागपंचमीच्या आधी त्याचं पाणी तोडतात. मग तहानलेला नाग वाटीत जे पुढे येईल ते पितो, आणि आपल्या आया-आज्यांना वाटतं नागोबा पावला. ते दूध त्याला पचत नाही. जबरदस्तीने पाजलं तर श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं. त्यात डोळ्यांत आणि नाकपुड्यांत हळद-कुंकू. सणानंतरच्या दिवसांत जप्तीतले नाग एकामागून एक मरताना मी बघितलेत. पशुवैद्यकाने प्रतिजैविकं दिली, नळीने पाणी दिलं, तरी सगळे हाताला लागत नाहीत.

पुंगीबद्दल थोडी दुरुस्ती करायला हवी. साप ठार बहिरा असतो, त्यामुळे त्याला पुंगी ऐकूच येत नाही, असं आम्ही लोक व्याख्यानांत सर्रास सांगायचो. ते पूर्ण खरं नाही. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही. पण जमिनीतली कंपनं त्याला जबड्यातून कळतात आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाजही काही प्रमाणात समजतात. मात्र पुंगीच्या तालावर तो डोलत नाही, हे खरंच. समोर हलणाऱ्या वस्तूवर तो नजर रोखून धरतो. भोपळ्याची पुंगी डावी-उजवीकडे गेली की तोंड तिच्याकडे ठेवण्यासाठी शरीर वळवतो. त्याच्यासाठी तो बचाव असतो आणि आपण त्याला नाच म्हणतो. फणा काढलेला नाग जेवढा उभा असतो साधारण तेवढ्याच टप्प्यात पुढे झेपावू शकतो. गारुड्याला हे अंतर बोटाच्या पेराएवढं अचूक ठाऊक असतं. नागाची खोटी झेप, म्हणजे तोंड मिटून नुसती धडक, कोणती आणि खरी कोणती, हेही त्याला ओळखू येतं.

ही जाण खरी होती, आणि तिचं मोल आपण केलं नाही. मी पाहिलेले जुने गारुडी मातीवरचा माग बघून साप कोणता आणि कितीसा मोठा ते सांगत. सापडलेली कात हातात घेऊन, खवल्यांवरून, धामण की नाग ते सांगत. लबाडीही भरपूर होती. घरातला साप काढायला बोलावलं की आपलाच साप बाहीतून सोडायचा, तो पकडून दाखवायचा आणि पैसे घ्यायचे. मांडुळाला दोन तोंडं असतात म्हणून खपवायचं. नागमणी विकायचा, साप उतरवणारा खडा विकायचा. पोटासाठी केलेली लबाडी आणि पिढीजात विद्या एकाच माणसात नांदत होत्या. दोन्हींतली एकच दिसणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता कायद्याकडे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, सापळ्यात अडकवणं, इजा करणं, अंडी उचलणं हेही येतं. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांचा काळच संपला. अजगर आधीच अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षणाच्या यादीत, होता. नाग, घोणस, धामण अनुसूची २ च्या दुसऱ्या भागात होते, पण शिक्षेच्या बाबतीत तो भाग अनुसूची १ च्याच तोडीचा, म्हणजे किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, अनुसूच्या कमी झाल्या आणि नाग थेट पहिल्या अनुसूचीत गेला. अशा गुन्ह्यात दंड आता किमान २५ हजार रुपये. त्यामुळे कुणी ‘आमची परंपरा आहे साहेब’ म्हणाला, तरी कायद्याला त्याच्याशी काही घेणं नाही.

पण कागदावरचं १९७२ रस्त्यावर उतरायला खूप वेळ लागला. नव्वदच्या दशकातसुद्धा पोलीस चौकीच्या समोर खेळ चालायचा आणि हवालदार गर्दीत उभा राहून बघायचा. मग प्राणिमित्र संस्था वाढल्या, वर्तमानपत्रांत फोटो येऊ लागले, वनखातं श्रावणाच्या तोंडावर पथकं नेमू लागलं. त्याच सुमाराला घरोघर टीव्हीवर नाग, अजगर, अॅनाकोंडा सगळं फुकटात दिसायला लागलं. गारुड्याच्या पोराला शाळेत घातलं गेलं आणि त्याला टोपली डोक्यावर घ्यायची लाज वाटू लागली. शहरांत फाटकावर रखवालदार बसले. माझ्या मते धंदा मोडण्यात दूरचित्रवाणीचा वाटा कायद्याइतकाच आहे. कायद्याने फक्त शेवटचा धक्का दिला.

इथे एक गल्लत नेहमी होते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आणि गारुड्याचा खेळ हे एकच समजून लोक वाद घालतात. शिराळ्याचे लोक गारुडी नाहीत. गोरखनाथांच्या आख्यायिकेशी जोडलेली ती गावाची प्रथा. सणाच्या आधी गावातली मंडळी नाग शोधून मडक्यात ठेवत, पूजा आणि मिरवणूक करत आणि नंतर सोडून देत. दात काढत नाही, हा त्यांचा दावा, आणि तिथल्या जुन्या लोकांचं नाग हाताळण्याचं कसब मान्य करायलाच हवं. पण पुढेपुढे त्यात स्पर्धा आल्या, गर्दी आली, ट्रॅक्टरवरून नाचवणं आलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जिवंत नागाची मिरवणूक, खेळ, स्पर्धा यांवर बंदी आली. गावकऱ्यांनी प्रतिमापूजा सुरू केली, पण मागणी सोडली नाही. २०२५ मध्ये केंद्राकडून शैक्षणिक हेतूने, अटी घालून, मर्यादित परवानगी मिळाली. मला स्वतःला ती वाट निसरडी वाटते. शिक्षण आणि तमाशा यांच्यामधली रेघ हजारोंच्या गर्दीत कोण राखणार? तरी सरसकट ‘क्रूर लोक’ म्हणून शिराळ्याला हिणवणं मला पटत नाही. नाग दिसला की ठेचायचा असं मानणाऱ्या गावांपेक्षा तिथे नागाला जास्त आदर आहे.

आता साप वाचले का. गारुड्यांनी पकडलेले नाग वाचले, हो. तो फायदा छोटा नव्हता. पकड नेमकी नागावरच आणि तीही उन्हाळा संपताना, म्हणजे मादी अंडी घालण्याच्या, अंड्यांजवळ बसण्याच्या दिवसांत असायची. पण सापांचे मोठे वैरी गारुडी कधीच नव्हते. देशातून सापाची कातडी लाखोंनी बाहेर जात होती. १९७६ मध्ये निर्यातबंदी झाली तेव्हा तो संहार आटोक्यात आला. त्याच्याही आधी, ब्रिटिशांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी, म्हणजे छोटे पण विषारी साप, मारायला सरकार इनाम देत होतं. लोकांनी पोत्याने फुरशी मारून आणली, आणि फुरसं आजही कोकणात जांभ्याच्या दगडाखाली बसलेलं आहेच. आजचे वैरी वेगळे. रस्ते रुंद झाले, बांध फोडले, माळरानावर प्लॉट पडले, बागांना आणि तळ्यांना नायलॉनची जाळी लागली, त्यात अडकलेला साप तिथेच मरतो. उंदराला घातलेलं विष उंदरामार्फत सापात जातं. आणि साप दिसला की मारणं ही सवय तर आहेच.

चोरटा व्यापारही संपलेला नाही, फक्त त्याचं गिऱ्हाईक बदललं. मांडूळ गुप्तधन दाखवतं, वजन अमुक किलो भरलं की कोट्यवधी मिळतात, असली थाप महाराष्ट्रात जोरात चालते. या बिचाऱ्या बिनविषारी, मातीत राहणाऱ्या सापाला पकडून कोंबून खाऊ घालतात, वजन वाढवायला बघतात, हॉटेलच्या खोलीत सौदा करतात आणि पोलिसांनी सापळा लावला की पकडले जातात. यातले आरोपी बहुतेक वेळा गारुडी नसतात. शिकलेसवरलेले, गाडीतून फिरणारे असतात. पारंपरिक गारुड्याला वर्षाला मिळत असेल त्याच्या कित्येक पट रकमेची स्वप्नं घेऊन ही माणसं येतात.

माणसांचं काय झालं, हा तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

तामिळनाडूतल्या इरुळांचं उदाहरण नेहमी देतात, आणि ते द्यायलाच हवं. इरुळ लोक पिढ्यानपिढ्या साप आणि उंदीर पकडणारे. कातडीच्या धंद्याला ते साप पुरवायचे. बंदी आली आणि त्यांची रोजीरोटी बुडाली. तेव्हा सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी पुढाकार घेतला आणि १९७८ मध्ये इरुळ सर्पग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली, चेन्नईजवळ वडनेम्मेली इथे. सरकारी परवान्याने साप धरायचा, तीन-चार आठवडे ठेवायचा, त्या काळात ठरावीक वेळा विष काढायचं, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि सोडून द्यायचा. देशभर तयार होणाऱ्या प्रतिसर्पविषाचा, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाचा, कच्चा माल मुख्यतः तिथूनच येत राहिला. हे कायद्यात बसतं, कारण जीवरक्षक औषधासाठी विष गोळा करायला कलम १२ खाली परवानगी देता येते. याच समाजातले मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना २०१७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला नेलं, तिथल्या दलदलीत माजलेले अजगर शोधायला. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

राजस्थानच्या कालबेलिया या गारुडी जमातीची वाट वेगळी. साप गेले तेव्हा त्यांनी नाच-गाणं पुढे आणलं. गुलाबो सपेरा यांच्यासारख्या कलावतींनी ते जगभर नेलं आणि २०१० मध्ये युनेस्कोने कालबेलियांच्या लोकगीत-नृत्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दिल्ली-हरियाणाकडचे जोगीनाथ सपेरे बीन घेऊन लग्नाच्या वरातीत वाजवायला लागले. त्यात श्रीमंती नाही, पण काहीतरी आहे.

आपल्याकडे? गारुडी भटक्या जमाती ‘ब’ मध्ये येतात, त्या गटाला अडीच टक्के आरक्षण आहे. कागदावर चांगलं दिसतं. पण दाखला काढायला १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा पाल पाठीवर टाकून गावोगाव फिरत होता, त्याने कुठल्या ग्रामपंचायतीचा उतारा आणायचा? रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, नंतर इदाते आयोग बसला, भटक्या-विमुक्तांच्या घरांबद्दल, ओळखपत्रांबद्दल, शिक्षणाबद्दल त्यांनी बरंच लिहिलं. मी ओळखतो त्या गारुडी कुटुंबांतले बहुतेक जण आज भंगार गोळा करतात, जत्रेत फुगे-खेळणी विकतात, ऊसतोडीला जातात. एखादाच शिकून पोलिसात किंवा एसटीत लागला. बायकांचं काम कठीण होतं ते अजून कठीण झालं. पूर्वी त्या टोपलीच्या मागोमाग पीठ-मीठ, जुने कपडे मागत. आता नुसतं मागावं लागतं. आणि ज्यांना काहीच जमलं नाही ते श्रावणात पुन्हा एखादा नाग धरतात. त्यांच्यावर गुन्हा दाखल होतो, जामिनाला पैसे नसतात, घरातला कमावता माणूस आत जातो. कायद्याच्या दृष्टीने कारवाई बरोबर. पण तुरुंगातून आलेला माणूस पुढच्या श्रावणात काय करणार, हे विचारायला कुणाकडे विभाग नाही.

या सगळ्या काळात सापाची विद्या दुसरीकडे गेली. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहून दाखवलं, ते साप उगाच चावत नाही हे लोकांना पटवण्यासाठी. पुढे कात्रजला सर्पोद्यान झालं. त्या लाटेतून महाराष्ट्रात गावोगाव सर्पमित्र तयार झाले. ही चळवळ मोठी आहे आणि तिने लाखो साप काठीखालून वाचवले असतील, हे मी अभिमानाने सांगतो. पण आजच्या सर्पमित्रांमधला एक मोठा वर्ग बघा. नाग धरला की आधी मोबाइल चालू होतो. साप रस्त्यावर मोकळा सोडून फणा काढायला लावतात, शेपटी ओढतात, फण्याचा मुका घेतात, गळ्यात घालतात, वाढदिवसाला केकशेजारी ठेवतात. व्हिडिओला लाइक मिळतात, ओळख होते, निवडणुकीच्या फलकावर फोटो येतो. गारुडी पोटासाठी खेळ करायचा, हे हौसेसाठी करतात. फरक एवढाच की यांच्या सापाला दात असतात. त्यामुळे दरवर्षी कुठल्या तरी तालुक्यातून चांगला तरणा पोरगा नाग नाहीतर घोणस हाताळताना गेल्याची बातमी येते.

कायदा दोघांना सारखाच आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय साप पकडणं, घरात बरण्यांत ठेवणं, शाळेत ‘प्रबोधन’ म्हणून खेळवणं हा गुन्हाच. गारुड्यावर तो लगेच दाखल होतो, कारण तो गरीब आणि अनोळखी. सर्पमित्रावर होत नाही, कारण त्याच वनरक्षकाला रात्री साप निघाला की त्यालाच फोन करावा लागतो. मला हा दुजाभाव खटकतो. आणखी एक गोष्ट आम्ही लोक चुकीची करतो: पकडलेला साप ‘सुरक्षित जंगलात’ म्हणून वीस-तीस किलोमीटरवर नेऊन सोडतो. सापाचा वावर ठरावीक परिसरात असतो. तिथली बिळं, पाणी, उन्हाची जागा त्याला ठाऊक असते. अनोळखी ठिकाणी तो भटकत राहतो, रस्त्यावर येतो, मरतो. जमेल तेवढं जवळ, त्याच प्रकारच्या अधिवासात सोडणं चांगलं, आणि बऱ्याचदा तर न पकडता वाट करून देणं पुरतं.

काय करता आलं असतं, किंवा अजूनही येईल? माझं मत सांगतो. महाराष्ट्रात मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, प्रतिसर्पविष बनवण्याचा जुना वारसा आहे. भारतात मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, त्यामुळे दक्षिणेतल्या विषापासून केलेलं औषध इथल्या दंशावर तितकंच प्रभावी ठरेल असं नसतं. स्थानिक सापांचं विष गोळा करणारं, गारुडी कुटुंबांतल्या लोकांना पगारी नोकरी देणारं केंद्र महाराष्ट्रात असतं तर दोन्ही प्रश्नांना हात लागला असता. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. गावातल्या माणसाला साप ओळखायला, रात्री विजेरी घेऊन फिरायला, जमिनीवर न झोपायला सांगणारा माणूस त्यासाठी हवा. गारुड्यापेक्षा गर्दी गोळा करता येणारा माणूस मला तरी माहीत नाही.

मात्र उगाच स्वप्न रंगवत नाही. ज्यांना विद्या येत होती ती पिढी म्हातारी झाली. त्यांच्या मुलांना साप धरता येत नाही आणि धरायचाही नाही, ते योग्यच आहे. म्हणून ‘गारुड्यांना सर्पमित्र करा’ ही घोषणा आज सरसकट लागू पडत नाही. ज्याला यायचं आहे त्याला प्रशिक्षण, विमा आणि पगार द्यावा. बाकीच्यांना आधी घर, दाखला आणि मुलांना वसतिगृह.

आता तुमच्या फाटकाशी आलेला माणूस. टोपली हिसकावू नका, माणसाला घेरून मारहाण करू नका. असे प्रकार मी बघितलेत, त्यात नाग मोकळा सुटतो आणि तिसराच कोणी दंश घेतो. पैसे देऊ नका, दूध देऊ नका, फोटो काढायला गर्दी करू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि ते येईपर्यंत त्या माणसाशी नीट बोला, पाणी द्या. नाग आपण होऊन झाडीत सोडून देऊ नका. दात किंवा ग्रंथी काढलेला नाग तिथे शिकार करू शकत नाही. तो उपाशी मरतो, किंवा त्याचे दात परत आलेले असतात आणि ते तुम्हाला माहीत नसतं. तो जप्तीतला मुद्देमाल असतो, पशुवैद्यकाने तपासून न्यायालयाच्या परवानगीने त्याची पुढची व्यवस्था होते. तोंड शिवलं असेल तर टाके काढायचं काम डॉक्टरांचंच.

आणि त्या माणसाने खडा किंवा मुळी विकायला काढली तर घेऊ नका, घेतली असेल तर फेकून द्या. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडता चावतो. अशा वेळी खडा लावला काय आणि न लावला काय, माणूस वाचतोच, आणि श्रेय खड्याला जातं. खऱ्या दंशात त्या खड्याने घालवलेला तास जिवावर बेततो. साप-विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दंश झाला तर जागा कापू नका, चोखू नका, आवळपट्टी बांधू नका, अंगठी-बांगड्या काढा, तो अवयव हलू न देता सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा. रात्री झोपेत काही चावल्यासारखं वाटून पहाटे पोट दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर जखम दिसत नसली तरी मण्यारीचा संशय धरा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. साप मारून किंवा पकडून सोबत नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्त गोठण्याच्या चाचणीवरून ठरवतात, आणि आपल्याकडचं औषध चारही सापांसाठी एकच आहे.